बरा होऊन राहिला

आमची सून पुण्याहून अमरावतीला आली ती मांडीवर ससा घेऊन. लग्न पुण्यात झालं, दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या, आणि नव्या नवरीच्या मांडीवर जाळीची पेटी. पेटीत करड्या रंगाचा, एक कान उभा अन् एक कलता, असा ससा. दारात माप ठेवून उभ्या असलेल्या माझ्या नणंदेनं ओवाळायच्या आधीच विचारलं, "रुखवतातला होय का हा?" सगळे हसले. सूनही हसली, पण पेटी तिनं कुणाच्या हाती दिली नाही. उजव्या पायानं माप लवंडलं, आणि तिच्याबरोबर ससाही रीतसर घरात आला.

जनावराची जागा अंगणात, हे माझं सरळ मत. मी शाळेत मराठी शिकवण्यात उमर घातलेली बाई. मत बदलायची मला फारशी सवय नाही. पण नवी सून, नवं घर, म्हणून मी तोंड मिटून बसले. ससा वरच्या मजल्यावर, त्या दोघांच्या खोलीत राहू लागला. त्याला एक इंग्रजी नाव होतं. ते आमच्याकडे कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून तो ससोबा झाला.

सुनेचे वडील गेले त्या वर्षी घर फार गप्प झालं, म्हणून मायलेकींनी तो आणला होता. पाठवणीच्या वेळी विहीणबाई मला म्हणाल्या, "आता माझ्याकडे मुलगी नाही नि ससाही नाही," आणि हसता हसता रडल्या. ते मी विसरले नव्हते. म्हणून तर तोंड मिटलं होतं.

ससा शिंकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. चांगला फडफडून शिंकतो, एकामागून एक. आणि आमच्या घरात शिंक म्हणजे साधी गोष्ट नाही. माझे सासरे भिक्षुकी करायचे. आमच्या ह्यांनी काळा कोट घातला, जिल्हा कोर्टात नाव कमावलं, पण निघताना शिंक आडवी आली की परत फिरायचं, खुर्चीत बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं, हे काही सुटलं नाही. इतकी वर्षं शिंकणारी माणसं घरात मोजकी होती, म्हणून निभावलं. आता हे सकाळी फायली काखोटीला मारून निघाले की ससोबा नेमका जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन बसायचा आणि नाक फेंदारून शिंकायचा.

"आता सशाच्या शिंकेनंही बसा लागते का माणसाले?" हे वैतागले. ह्यांचे चुलतभाऊ गुरुजी आहेत, त्यांना फोन लावला. गुरुजी म्हणाले, शास्त्रात सशाचं काही आठवत नाही, पण बसायला काय जातं? झालं. तेव्हापासून हे सशाच्या शिंकेलाही बसू लागले. मुलगा बापाच्याच टेबलावर वकिली करतो. तो गाडी सुरू करून बाहेर ताटकळायचा आणि हॉर्न वाजवायचा. आत हे कोट घालून शांत बसलेले. सून जिन्यातून ओशाळून म्हणायची, "सॉरी बाबा." हे म्हणायचे, "त्याले सांग सॉरी म्हणाले." "म्हणाले" म्हणजे "म्हणायला", हे तिला समजायला क्षणभर लागायचं.

तिला आमच्या बोलण्याची गंमत वाटायची. ती घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते. कानाला दिवसभर हेडफोन, आणि हेडफोनमध्ये दिवसभर पुणं. जेवायला खाली आली की तेवढाच आमचा वऱ्हाडी तास. "काय करून राहिली?" म्हणजे "काय करते आहेस?" हे ती पहिल्याच आठवड्यात शिकली. मला तिची एक गोष्ट मनापासून आवडली होती, ती आमच्या बोलण्याला हसायची पण नक्कल करायची नाही.

उन्हाळा आला तशी शिंक वाढली. अमरावतीचा उन्हाळा माणसाला सोडत नाही, तिथे केसाळ जनावराची काय कथा. त्याच्यासाठी कूलर लागला. सुनेनं पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून, टॉवेलात गुंडाळून त्याच्याशेजारी ठेवल्या. ह्यांच्या नांदगाव खंडेश्वरच्या एका पक्षकारानं, वकीलसाहेबांकडे ससा आला हे ऐकून, प्रेमानं सोयाबीनच्या कुटाराचं पोतं आणून टाकलं. मळणीनंतर उरतो तो भुसा. तो अंथरून ससोबाला मऊ बिछाना केला. काही दिवसांत त्याच्या नाकातून पांढरं यायला लागलं. ससा नाक पुढच्या पायांनी पुसतो, त्यामुळे त्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून कडक झाले. श्वासाला घरघर लागली. जिन्यात उभं राहिलं तरी ऐकू यायची.

"जुनी सर्दी आहे त्याची," सून म्हणाली. "पुण्यात औषध झालं की थांबायची."

अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस. गाई-म्हशी, कुत्री, हे त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. त्यांनी थोड्या दिवसांचं औषध दिलं. ससोबा सुधारला, औषध संपलं, पुन्हा शिंका. पुन्हा औषध, पुन्हा सुधारला, पुन्हा शिंका. तिसऱ्या खेपेला ते स्वतःच म्हणाले, "मॅडम, अकोल्याले दाखवा. तिथं एक डॉक्टरीणबाई आहेत, ससे-पक्षी पाहतात. मी उगाच त्याच्यावर हात साफ करून राहिलो."

म्हणून पाऊस सुरू झाल्यावर, हवा जरा उतरल्यावर आम्ही अकोल्याला निघालो. मुलगा गाडी चालवायला, सून पेटी धरायला, आणि मी. मी का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. अकोल्याला माझी मावसबहीण असते, तिला भेटायचं, असं मी सांगितलं. ती त्या दिवशी गावाला गेली होती, आणि हे मला आधीपासून माहीत होतं.

डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्या लहान. अकोल्याच्या जुन्या व्यापारी मुसलमान घरातल्या. घरी उर्दू, दवाखान्यात वऱ्हाडी, आणि सशाशी बोलताना दोन्ही. त्यांनी ससोबाला टॉवेलात असा गुंडाळला की फक्त नाक बाहेर. छातीला यंत्र लावून ऐकलं, दात पाहिले, नाकातला स्राव कापसाच्या काडीवर घेऊन तपासायला ठेवला, डोक्याचा एक्स-रे काढला. मग सुनेला शेजारी बसवलं.

"देख बेटा, ही आपल्यासारखी सर्दी नाही. नाकाच्या आत हाडाच्या पोकळ्या राहतात, तिथं जंतू घर करून बसले. औषध तिथवर पोचता पोचत नाही. म्हणून थोड्या दिवसांच्या औषधानं काही होत नाही. महिनेच्या महिने द्या लागन. सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ न चुकवता."

मग त्यांनी बजावून सांगितलं की सशाला तोंडातून चालतील अशी अँटिबायोटिकं मोजकीच आहेत. माणसांची काही औषधं दिली तर त्याच्या पोटातले चांगले जंतू मरतात, पोट बंद पडतं, आणि जनावर हातचं जातं. "मेडिकलवाल्याले विचारून काही देऊ नका. खाते का पाहा, लेंड्या पडते का पाहा. खाणं थांबलं तं वाट पाहू नका, फोन करा. आन् ते कुटार आधी फेका. त्याची धूळ नाकात चालली त्याच्या."

सुनेनं विचारलं, "मग औषध बंद कधी करायचं?"

"नाक सुकलं म्हणजे झालं असं नाही. बरा होऊन, तसाच बरा राहिला पायजे. राहिला, की मग बंद करून पाहू."

हे वाक्य मी तिथे बसून ऐकलं होतं. त्यात काही खटकण्यासारखं नव्हतं.

पावसाळाभर वरच्या खोलीत औषध चाललं. सुई नसलेली पिचकारी, तिच्यात पांढरं दाट औषध. समोरच्या दातांच्या मागे गालात एक फट असते, तिथून थोडं थोडं सोडायचं, घाई केली तर ठसका लागतो. हे मला सुनेनं सांगितलं. बघितलं मी नव्हतं, कारण औषधाच्या वेळी ती दार लावून घ्यायची. परकं माणूस आलं की तो बिथरतो, म्हणाली. परकं माणूस म्हणजे मी. मीही म्हटलं, बरं आहे बाई, माझं काम वाचलं.

ससोबा सुधारला मात्र. गणपती आले तोवर घरघर गेली होती. आमच्याकडे गणपतीला दूर्वा लागतात म्हणून ह्यांनी परसात हरळी राखली आहे. सून सकाळी लवकर उठून तीच खुडून सशाला घालते, हे ह्यांच्या लक्षात आलं. "आमच्या गणपतीच्या आधी याचा नैवेद्य होऊन राहिला," हे म्हणाले. पण आवाजात राग नव्हता, कारण त्या दिवसांत ह्यांना सकाळी एकदाही बसावं लागत नव्हतं. काळा कोट, फायली, आणि सरळ दाराबाहेर. मुलाच्या हॉर्नलाही काम उरलं नाही.

सुनेनं ससोबाचा व्हिडिओ काढून डॉक्टरीणबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आवाजातच आलं. ती हसत हसत खाली आली, मला म्हणाली, "आई, डॉक्टर खूश आहेत." मी कणकेत हात घालून बसले होते. म्हटलं, चांगलं झालं. त्या पलीकडे मी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही.

नवरात्र गेलं. दसऱ्याचं सोनं वाटून झालं. कोजागिरी झाली. एका सकाळी हे निघाले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. पाणी प्यायले, उठले, गेले, आणि पुन्हा परत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेच. मी स्वयंपाकघरातून पाहत होते, पण मला वाटलं चष्मा विसरले असतील. तिसऱ्या दिवशी हे बसल्या जागेवरून म्हणाले, "मले आज पुन्हा बसा लागलं. ह्या सशाचं काही ठीक नाही दिसून राहिलं."

सून जिन्यात उभी होती. ह्यांनी मान वर करून विचारलं, "औषध देऊन राहिली ना, बेटा?"

"नाही बाबा. ते तर केव्हाच बंद केलं."

"कावून? कशापायी?"

माझ्या हातातलं उलथनं तव्यावरच राहिलं. मी बाहेर आले. रागावले की माझं शाळेतलं मराठी कुठल्या कुठे जातं. "बंद केलं? कोणं सांगतलं तुले बंद कराले? महिनेच्या महिने द्या लागन म्हणलं होतं ना त्या बाईनं? कान कुठं ठेवले होते?"

तिचा चेहरा उतरला. "डॉक्टरांनीच सांगितलं, आई."

"त्या असं सांगणारच नाहीत."

"सांगितलं. माझ्याकडे आहे." तिनं फोन काढला, गणपतीतला तो निरोप शोधला, आणि जिन्याच्या कठड्यावर फोन धरून आम्हाला ऐकवला. डॉक्टरीणबाईंचा खणखणीत आवाज घरभर झाला. "माशाल्ला! मस्त दिसून राहिला. नाक साफ होऊन राहिलं, तो बरा होऊन राहिला. टेन्शन नको घेऊ बेटा."

आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे पाहत राहिलो. निरोप संपला. "मग?" मी म्हटलं. "ह्याच्यात बंद कराचं कुठं आहे?"

"आहे ना," ती रडवेली झाली होती. "त्या पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, बरा होऊन बरा राहिला की औषध बंद करायचं. आणि आता म्हणाल्या, बरा होऊन राहिला. म्हणजे झाला आणि राहिला. मग मी बंद केलं."

ते वाक्य मी मनात पुन्हा म्हटलं, आधी माझ्या कानानं, मग तिच्या. बरा होऊन राहिला. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की बरा होतो आहे, चाललं आहे, अजून व्हायचा आहे. "काय करून राहिली" तिला कळत होतं, पण डॉक्टरीणबाईंचं आधीचं "बरा राहिला" मनात धरलेल्या पुण्याच्या कानाला तेच वाक्य सांगतं की काम झालं, आणि झालेलं टिकलं. अक्षर न अक्षर तेच. शाळेत पोरांच्या उत्तरपत्रिकेत "राम वनात जाऊन राहिला" असं आलं की मी लाल शाईनं खोडून "जात आहे" लिहायची, कारण तसं लिहिलं तर राम वनात जाऊन तिथेच मुक्कामाला राहिला असा अर्थ होतो, असं मी वर्गात हसवून सांगायची. तोच राम आज आमच्या जिन्यात येऊन उभा होता.

"आधी गाडी काढा," मी म्हटलं. राग कुठे गेला ते कळलं नाही. मी वर जाऊन ससोबाला पाहिलं. तो कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसला होता. नाकपुड्या जोरजोरात हलत होत्या, आणि सकाळची कोथिंबीर समोर जशीच्या तशी.

मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "ती म्हणाली डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं, मी कशाले उलटतपासणी करू?" त्या दिवशी त्याची तारीख होती. ती ह्यांनी सांभाळली, आणि मुलानं गाडी काढली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. मी मागं तिच्याशेजारी बसले होते. पेटीतून घरघर ऐकू येत होती, आणि ती थांबली की आम्ही दोघी एकदम वाकून पाहायचो.

मूर्तिजापूरच्या पुढे ती पेटीकडे बघत म्हणाली, "हा गेला तर त्या घरात माझं असं कोण आहे?"

मला ते लागलं. चांगलंच लागलं. सकाळ-संध्याकाळ ताट वाढते, सणावाराला साडी घेते, आणि ही पोर म्हणते माझं कोणी नाही. उत्तर जिभेवर आलं होतं. मग मला ते वरचं बंद दार आठवलं, आणि माझं "काम वाचलं" आठवलं, आणि मी उत्तर गिळलं. नुसता पेटीवर हात ठेवला. तिचा हात आधीच तिथे होता. तिनं तो काढला नाही.

डॉक्टरीणबाईंनी ससोबाला आधी पाहिलं, मग आमची हकीकत ऐकली. स्वतःचाच निरोप स्वतः ऐकला. एकदम हसू आलं त्यांना, आणि लगेच ते गेलं. "मी तं होऊन राहिला म्हणलं, झाला कुठं म्हणलं?" आणि कपाळाला हात लावला. "या अल्ला. माह्या ध्यानातच नाही आलं का पोरगी पुण्याची हाये."

त्या दिवशी त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, इंजेक्शन दिलं, यंत्रानं औषधाची वाफ दिली. पुन्हा नाकातला नमुना घेतला, कारण औषध मध्येच सुटलं की उरलेले जंतू हट्टी होतात, आधीचं औषध जुमानत नाहीत. कुठलं लागू पडेल ते तपासणी आल्यावर कळणार होतं. तोवर दुसरं औषध, आणि तोंडानं खात नाही तोवर पिचकारीनं गवताच्या भुकटीची पेज भरवायची. सशाचं पोट रिकामं राहता कामा नये.

निघताना सुनेनं विचारलं, "बरा होईल ना?"

डॉक्टरीणबाई थांबल्या. शब्द शोधत, अगदी सावकाश, बातम्या वाचल्यासारखं शुद्ध बोलल्या. "पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. त्याला बरा ठेवता येईल. औषध चालू असेल तोवर. कदाचित कायम. समजलं का बेटा, मी काय म्हणून राहिले ते?"

"समजलं," सून म्हणाली.

त्या आठवड्यात वरचं दार उघडं राहिलं. ससोबाला टॉवेलात गुंडाळून सून मांडीवर धरायची आणि मी भरवायची. तो थुंकायचा. माझ्या पदरावर, चष्म्यावर हिरवी पेज उडायची. मी त्याला माझ्या भाषेत शिव्या घालायची, आणि सून खाली मान घालून का होईना, हसायची. तिला कामाच्या मीटिंगा असत, तेव्हा मी एकटीच जमिनीवर बसून असायची. त्याच्या पाठीवर हात ठेवला की आतली घरघर तळहाताला लागते. इतक्या लहान जिवाला इतकं काम करावं लागतं श्वासासाठी, हे मला खरंच सोसत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही, पण मी त्याच्यासाठी देवाला हात जोडले.

देवघरात त्या वेळी हे होते. संकष्टी होती. हे दूर्वांची जुडी करत बसले होते. मला हात जोडताना पाहिलं, उठले आणि ती जुडी घेऊन वर गेले. मी मागोमाग गेले. हे सोवळ्यातच सशापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "घे राजा. तो थांबते जरासा." ससोबानं नाक हलवलं. बराच वेळ नुसतं हलवलं. मग एक काडी ओढली, आणि ती हळूहळू आत जाऊ लागली. सून उंबऱ्यात उभी होती, ती आत येऊन त्याच्याशेजारी बसली. माझा जीव भांड्यात पडला. हे परसात जाऊन गणपतीसाठी नव्या दूर्वा खुडून आले.

तपासणी आली, औषध बदललं. हिवाळा लागला, वरुडकडची संत्री बाजारात आली. संत्र्याची एवढीशी फोड मिळते म्हणून औषधाच्या वेळी ससोबा स्वतःहून टॉवेलापाशी येऊ लागला. सकाळचं औषध माझ्याकडे, संध्याकाळचं तिच्याकडे, असं आपोआप ठरून गेलं. शिंका पार गेल्या नाहीत. अधूनमधून एखादी येते, आणि ती आली की हे बसतात. पण आता नुसते बसत नाहीत. पाणी पितात आणि वर बघून विचारतात, "सकाळचं झालं का त्याचं?"

परवाचीच गोष्ट. सकाळचं औषध चाललं होतं. सुनेची मीटिंग उशिरा होती म्हणून ससा तिनं धरला होता, पिचकारी माझ्या हातात. तिचा फोन वाजला. विहीणबाई. तिनं फोन जमिनीवर ठेवला आणि मोठ्या आवाजावर टाकला.

"कसा आहे गं आपला?"

"मस्त आहे मम्मी. खातोय, उड्या मारतोय. बरा होऊन राहिला."

"हो? अगं मग सुटलात की!" पुण्याहून विहीणबाईंचा आवाज एकदम उजळला. "म्हणजे आता औषध बंद?"

पिचकारी माझ्या हातात तशीच राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्याच वेळी ससोबा माझ्या बोटांवरच फडफडून शिंकला, आणि खालून, दारातून, ह्यांचा आवाज आला, "बसलो!"

सुनेला हसू आवरेना. तिनं ससा छातीशी धरला आणि फोनकडे वाकली. "बंद नाही गं मम्मी. होऊन राहिला म्हणलं. झाला कुठं म्हणलं?"

"म्हणजे काय?"

"जाऊ दे," ती म्हणाली. "तुले नाही समजणार."

तुले. तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी पिचकारीत राहिलेलं औषध त्याच्या गालाच्या फटीतून हळूहळू आत सोडलं.